ट्यूब लावली की गुण येतो, मग बिघडतं कुठं?

संध्याकाळी सात-साडेसातला भांडुप स्टेशनवरून गर्दीचा लोंढा बाहेर पडतो आणि त्यातले पाच-सहा जण तरी आमच्या मेडिकलपाशी थबकतात. कुणाला आईची बीपीची गोळी हवी, कुणाला बाळाचं ग्राइपवॉटर. आणि रोज एक तरी माणूस असा असतो, जो बाजूला उभा राहून गर्दी ओसरू देतो आणि मग खिशातून दाबून दाबून चपटी झालेली, शेपटीकडून गुंडाळत आणलेली खाजेच्या मलमाची ट्यूब काढून काचेवर ठेवतो. "ही द्या."

"कुणी लिहून दिली होती?" मी विचारते. उत्तरं ठरलेली. मित्राने सांगितली. भावाला गुण आला होता. गावच्या डॉक्टरांनी दिली होती, तीन वर्षांपूर्वी. आणि मग हमखास येणारं वाक्य: "मॅडम, एकदम भारी आहे, लावली की दोन दिवसांत साफ."

हे वाक्य खोटं नसतं. खरंच दोन दिवसांत साफ होतं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुणाच्या अंगावर काय उठलंय हे ओळखणं माझं काम नाही. पण ट्यूबच्या पाठीवर काय छापलंय ते वाचणं रोजचंच, आणि ते वाचायला तुम्हालाही येऊ शकतं.

परवा काचेवर आलेल्या ट्यूबचंच उदाहरण घ्या. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत चार नावं होती: ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन आणि क्लोबेटासोल प्रोपिओनेट. पहिली दोन जिवाणू आणि तत्सम जंतूंसाठी. पोट बिघडलं की लोक याच जोडीच्या गोळ्या मागतात; ती जोडी मांडीच्या खाजेवर काय करणार, हा प्रश्न मला अजूनही पडतो. तिसरं बुरशीवरचं. आणि चौथं, ज्याच्यापुढे फक्त ०.०५ टक्के लिहिलं होतं, ते स्टेरॉइड. दोन दिवसांत गुण देणारं तेच.

०.०५ हा आकडा फसवा आहे. शेजारच्या रॅकवरच्या हायड्रोकॉर्टिसोनच्या ट्यूबवर १ टक्का लिहिलेलं असतं, म्हणून ती जास्त कडक वाटते. प्रत्यक्षात हायड्रोकॉर्टिसोन हे या कुटुंबातलं सगळ्यात सौम्य लेकरू, आणि क्लोबेटासोल त्याच्या जवळपास ६०० पट जोरदार धरलं जातं. टक्केवारीवरून ताकद कळत नाही. ती नावावरून कळते.

नाव ओळखायची एक ढोबळ खूण सांगते. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, हायड्रोकॉर्टिसोन: शेवटी "सोन" दिसलं की कान टवकारा. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल: हे "टासोल" वाले. पण किटोकोनाझोल, लुलिकोनाझोल हे "कोनाझोल" वाले मात्र स्टेरॉइड नव्हेत, ती बुरशीची औषधं. टासोल आणि कोनाझोल कानाला सख्खे भाऊ वाटतात, काम अगदी उलटं. आणि ही खूण सगळीकडे लागू पडत नाही; ट्रायमसिनोलोन, फ्लुओसिनोलोन, डेसोनाइड ही नावंसुद्धा स्टेरॉइडचीच आहेत.

वॉचमनची शिट्टी

स्टेरॉइड म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर जिम येते. ते वेगळं. इथला विषय आहे आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून रोज पाझरणाऱ्या कॉर्टिसॉलच्या जातीचं औषध. या ग्रंथींच्या संप्रेरकांवरच्या कामासाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० साली नोबेल मिळालं. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, सल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट कातडीवर लावून इसब आटोक्यात येतो हे दाखवलं. त्याआधी इसबाच्या रोग्याला डांबराची मलमं चोपडण्यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं. त्वचेच्या उपचारांचे आधीचे आणि नंतरचे असे दोन कालखंड पाडावेत, इतका हा मोठा शोध. म्हणून हे वाचून कुणी स्टेरॉइडच्या नावाने बोटं मोडणार असेल तर थोडं थांबा.

आता ते करतं काय? आपल्या कातडीला सोसायटीसारखा वॉचमन असतो. बाहेरचं कुणी घुसलं की तो शिट्टी फुंकतो. मग रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते, खाजते. आपण ज्याला रोग म्हणतो त्यातला बराचसा भाग ही शिट्टीच असते. स्टेरॉइड वॉचमनच्या तोंडातली शिट्टी काढून घेतं.

इसबात वॉचमन वेडा झालेला असतो. पोस्टमन आला तरी शिट्टी, दूधवाला आला तरी शिट्टी. तिथे त्याला गप्प करणं हाच उपचार. पण गजकर्णात चोर, म्हणजे बुरशी, खरोखर बिल्डिंगमध्ये शिरलेला असतो. तिथे शिट्टी काढून घेतली की शांतता होते, रहिवासी निवांत झोपतात, आणि चोर मजल्यामागून मजला साफ करत जातो.

एकच ट्यूब एकाला औषध आणि दुसऱ्याला अपाय का, याचं उत्तर एवढंच आहे.

दुसरी गोष्ट स्टेरॉइडच्या ताकदीची. ही ताकद मोजतात कशी ठाऊक आहे? १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी एक पद्धत मांडली: निरोगी माणसाच्या हातावर थेंबभर औषध लावायचं आणि ती जागा किती पांढरी पडते ते बघायचं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, कातडी फिकट होते. जितकी फिकट, तितकं औषध जोरदार. आजही हीच चाचणी वापरात आहे. त्यातच, बरेच दिवस लावत राहिलं तर कातडीला रंग देणाऱ्या पेशींचं कामही मंदावतं. म्हणजे "आठवड्यात उजळलं" म्हणून जो आनंद होतो, तो प्रयोगशाळेत औषधाचा जोर मोजायचा काटा आहे. गोरेपणा म्हणून विकत घेतो तो खरं तर दाबून धरलेला रक्तपुरवठा.

आणि हे लावणं असंच पुढे चालू राहिलं की काय होतं? स्टेरॉइड कातडीच्या पेशींना वाढायला मना करतं. सोरायसिसमध्ये पेशी भराभर वाढून थर चढतात, तिथे हे हवंच असतं. निरोगी कातडीला नको असतं. खालच्या थरात कोलॅजनचे धागे विणणाऱ्या पेशीही काम सोडतात. जुन्या चादरीसारखी कातडी विरत जाते. खालच्या बारीक लाल शिरा दिसू लागतात, जरा धक्का लागला तरी काळं-निळं होतं, जखम भरायला वेळ लागतो. जिथे ताण जास्त तिथे कातडी आतल्या आत उसवते आणि पट्टे उमटतात. पातळ झालेली कातडी वेळेत थांबलं तर बरीचशी सावरते, फिकट डागही बहुतेक वेळा भरून येतात. पट्टे मात्र जात नाहीत. रंग उतरतो, खूण राहते.

गुण आणि अपाय ही दोन वेगवेगळी कामं नाहीत, हे मला काउंटरवर उभं राहून कुणाला पटवता येत नाही. लोक विचारतात, "याच्यात साइड इफेक्ट नसलेली कुठली?" अशी ट्यूब नसते. पहिल्या आठवड्यात जे बरं वाटलं, तेच काम सहाव्या महिन्यापर्यंत चालू राहिलं की त्याला अपाय म्हणतात. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आजीने सांगितलेलं इथे शब्दशः लागू आहे.

कुठे लावता, यावर सगळं

तळपायाची कातडी आणि पापणीची कातडी एकाच माणसाची असली तरी एक नव्हे. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मेबॅक यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीरात कुठून किती शिरतं ते मोजलं. हाताच्या कोपराखालच्या भागातून शिरणारं प्रमाण १ धरलं तर तळपायातून ०.१४, डोक्याच्या कातडीतून ३.५, कपाळातून ६, जबड्यापाशी १३ आणि वृषणाच्या कातडीतून तब्बल ४२. आता विचार करा, आपल्याकडे या ट्यूबा लोक सगळ्यात जास्त कुठे लावतात? चेहऱ्यावर आणि जांघेत. जिथून सगळ्यात जास्त शोषलं जातं, नेमकं तिथेच.

त्यात आपल्या हवेची भर. कातडी ओली असली, झाकलेली असली की औषध आणखी आत जातं. डॉक्टर कधीकधी मुद्दाम वर प्लास्टिक गुंडाळायला सांगतात ते याचसाठी. बाकीच्यांचं हे काम मुंबई फुकटात करते. घामेजलेली मांडी, वर जाड जीन्स, त्यात लोकलमध्ये दीड तास चेपून उभं राहणं: दुसरं काय वेगळं असतं? बाळाचा डायपर तर सरळसरळ प्लास्टिकचं वेष्टन. डायपरखाली लाल झालं म्हणून घरातली कुठलीतरी ट्यूब लावणं हा मला सगळ्यात भीतीदायक प्रकार वाटतो, कारण बाळाच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी फार मोठी असते आणि लावलेल्यातलं बरंच काही रक्तात पोचतं.

रक्तात पोचल्यावर काय? शरीराला वाटतं, कॉर्टिसॉल बाहेरून येतंय तर आपण कशाला बनवा. ग्रंथी सुस्तावतात. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की दिवसाला २ ग्रॅम इतक्या थोड्या वापरानेही असं घडलेलं आहे. हिशोब करून बघा: १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपत असेल तर दिवसाला २ ग्रॅमच झाले. हे औषध सलग दोन आठवड्यांच्या वर वापरू नये आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असंही त्यातच सांगितलेलं असतं. पण माहितीपत्रक खोक्यात असतं आणि खोकं आमच्या दुकानाबाहेरच्या डब्यात. महिनोन्‌महिने मोठ्या भागावर लावत राहिलं तर चेहरा गोल सुजणं, वजन वाढणं, साखर आणि बीपी चढणं, मुलांची उंची खुंटणं हे सगळं नुसत्या वरून लावलेल्या औषधानेही होऊ शकतं. सरसकट होत नाही, पण होतं. पापण्यांवर किंवा डोळ्यांच्या अगदी जवळ बरेच दिवस लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो, तो वेगळाच.

आत्याच्या मुलाची गोष्ट

ही माझी स्वतःची चूक आहे म्हणून सांगते. पहिली नोकरी होती, दुकान कुठलं ते राहू द्या. आत्याचा मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा, कुरिअरवर होता. दिवसभर बाइक, पावसात भिजलेली जीन्स अंगावरच वाळायची. जांघेत गोल गोल चट्टे, कडेला लाल, मधे साफ, आणि अशी खाज की गाडी बाजूला घेऊन उभं राहावं लागे. "ताई, काहीतरी जालीम दे." मी दिली. चिठ्ठी नव्हती. मालक म्हणाले, "घरचाच आहे, देऊन टाक." मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

तीन दिवसांत त्याचा फोन: "एक नंबर ट्यूब!"

झालं असं होतं की वॉचमन गप्प झाला होता. गजकर्णाची लाल कड ही शरीराने बुरशीविरुद्ध मांडलेली लढाईची रेघ असते. स्टेरॉइडने रेघ पुसली, खाज थांबली, बुरशी जिथल्या तिथे राहिली. त्याच ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषधही होतं ना, असं तुम्ही म्हणाल. होतं. पण ते काम करायला आठवडे घेतं आणि खाज तीन दिवसांत थांबते. तीन दिवसांनी बरं वाटल्यावर ट्यूब कोण लावतंय? त्याने बंद केली. दहा दिवसांत परत उठलं, आधीपेक्षा मोठं. परत लावली. असं वर्षभर. मधे त्याने मला विचारणंही सोडलं. ट्यूबचं नाव पाठ झालं होतं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत होती.

अशा आटलेल्या-उसळलेल्या गजकर्णाचं रूप बदलतं. एका वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ उमटतं, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं. कधी वर्तुळच राहत नाही, नुसता पसरट तांबूस-काळपट डाग. बघणाऱ्याला तो इसब वाटतो आणि तो आणखी स्टेरॉइड लिहून देतो. अशा वेश पालटलेल्या गजकर्णाला डॉक्टरी पुस्तकांत "ओळख लपवलेलं" अशा अर्थाचं नाव आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या बुरशीचा उपद्रव इतका वाढलाय की २०२० मध्ये वेगळी म्हणून नोंदवलेल्या या जातीच्या नावातच भारत आहे: ट्रायकोफायटन इंडोटिनी. बुरशी अशी हट्टी होण्यामागे या खिचडी ट्यूबांचा बेबंद वापर हेही एक कारण असल्याचं बरेच त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

आत्याचा मुलगा शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा त्याच्या दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीचे जांभळट पट्टे पडले होते. बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे, पण रुंद आणि खोलगट. डॉक्टरांनी चट्ट्याची कड खरवडून काचपट्टीवर घेतली, त्यावर द्रावणाचा थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बुरशी. पोटातून गोळ्या, साधं बुरशीचं मलम, टॉवेल आणि आतले कपडे वेगळे धुवायचे, घरात अजून कुणाला असेल तर त्यालाही औषध, आणि चट्टे गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. अडीच-तीन महिने लागले. गजकर्ण गेलं. पट्टे आता पांढरे झालेत, पण आहेत. गावी गेला की बाकीची पोरं विहिरीत उड्या मारतात आणि हा काठावर कपडे सांभाळत बसतो. मला कधी काही बोलला नाही.

चेहऱ्याचं वेगळंच

चेहऱ्यावर वाट दुसरी असते. तिथे सुरुवात रोगाने होतेच असं नाही. आमच्या पलीकडच्या विंगमधल्या एका वहिनींना गालांवर वांग होतं. डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी एक ट्यूब लिहून दिली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशा तिघांची. वांगावर हे मिश्रण चालतं, थोडे दिवस, नजरेखाली. वांग फिकट झालंच, शिवाय सगळा चेहरा असा तुकतुकीत झाला की पुतणीच्या लग्नात चार जणींनी क्रीम कुठलं म्हणून विचारलं. मग ती चिठ्ठी दोन वर्षं चालली. चार जणींचीही सुरू झाली असणार.

पुढे त्यांनी बंद केलं तर चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद. "गॅससमोर भाकरी करायला उभी राहिले की कुणी तोंडाला मिरची चोळल्यागत होतं," त्या म्हणाल्या. उन्हात गेलं की आग. हनुवटीवर बारीक लव दाट झालेली, तोंडाभोवती पुटकुळ्या. ट्यूब परत लावली की तासाभरात निवायचं. म्हणजे ट्यूबच औषध आणि ट्यूबच रोग. इतके दिवस आकसून ठेवलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या की पूर्वीपेक्षाही जास्त फुगतात, त्याची ही आग. डॉक्टरांनी याला नावच दिलंय, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. देशातल्या बारा ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. सातात एक. त्यातल्या कित्येकांना मुरुमांसाठी ते मिळालं होतं, ज्या मुरुमांना ते आणखी चिथावतं. आणि बऱ्याच जणांसाठी ते गोरेपणाचं किंवा दाढीनंतर लावायचं क्रीम होतं.

असा चेहरा असेल तर हे वाचून आज रात्री ट्यूब कचऱ्यात टाकू नका, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. किती दिवस, कुठली, किती जोरदार लावली यावर ते ठरवतात की एकदम थांबवायचं, की सौम्य ट्यूबवर आणून, एक दिवसाआड करत सोडायचं. मधल्या काळातली आग सोसायला दुसरी औषधं देतात. वहिनींना सात-आठ महिने लागले. त्या काळात साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि संयम, बाकी चेहऱ्याला काही नाही. संयम आमच्याकडे मिळत नाही, असं मी त्यांना म्हटलं तेव्हा कितीतरी दिवसांनी हसल्या.

कायदा काय म्हणतो? पूर्वी अंगावर लावायच्या औषधांना चिठ्ठीच्या नियमातून पळवाट होती. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांच्या मलमांची ती पळवाट बंद केली, ती अनुसूची एचमध्ये आली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशा काही खिचडी ट्यूबाही होत्या. वेष्टनावरची उभी लाल रेघ दिसली की समजा, चिठ्ठी लागते. आता चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक म्हणतं, "पलीकडचा देतो की," आणि पलीकडचा देतो. आमच्या धंद्याची ही बाजू मी लपवणार नाही. पंधरा ग्रॅमच्या ट्यूबमागे सुटणारे पैसे तुमच्या मांडीवरच्या पट्ट्यांपेक्षा मोठे नाहीत, पण गल्ल्यावर बसल्यावर ते सगळ्यांना आठवतंच असं नाही.

आणि याची उलटी बाजू

एवढं ऐकवलं की आता दुसऱ्या टोकाची भीती. मागच्या महिन्यात एक आई आली. चार वर्षांची मुलगी, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळग्यांत इसब, रात्र रात्र खाजवून चादरीला रक्त. डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड दिलं होतं. आईने मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि दोन दिवसांत बंद केलं. "स्टेरॉइड आहे ना ते!" मला तिच्यावर राग आला नाही, पण त्या पोरीचे हात बघवत नव्हते. खाजवून फुटलेल्या कातडीतून जंतू शिरतात, झोप नाही, शाळेत चिडचिड. योग्य ताकदीचं, योग्य जागी, सांगितलेले दिवस लावलेलं स्टेरॉइड या मुलीचं नुकसान करत नाही. न लावल्याने मात्र होत होतं.

किती लावायचं हा प्रश्न इथेच येतो, कारण डॉक्टर "पातळ थर" म्हणतात आणि पातळ म्हणजे प्रत्येक घरात वेगळं. एक सोपं माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. मोठ्या माणसाच्या एका पंजाला दोन्ही बाजूंनी एक रेघ, चेहरा आणि मान मिळून अडीच, एका पायाला, पाऊल सोडून, सहा. मुलांना वयाप्रमाणे कमी. मी त्या आईला माझ्याच बोटावर रेघ काढून दाखवली आणि मुलीच्या एका कोपराच्या खळग्याला त्यातली अर्धीसुद्धा खूप होते हेही. ती एक चिमूटसुद्धा लावत नव्हती. आत्याचा मुलगा दाढीच्या क्रीमसारखं फासत होता.

मॉइश्चरायझर आधी भरपूर, ते मुरलं की स्टेरॉइड फक्त चट्ट्यावर, दिवसातून सांगितलंय तितक्याच वेळा. चार वेळा लावल्याने चौपट गुण येत नाही. आणि "बरं वाटलं की बंद" की "हळूहळू कमी" हे प्रत्येक आजारात वेगळं असतं, तेव्हा चिठ्ठीवर दिवस लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतील तरी एवढं विचारायला लाजू नका: ही किती जोरदार आहे, कुठे लावायची नाही, किती दिवस, आणि नंतर काय.

परवाचा तो ट्यूबवाला माणूस. त्याला मी नाही म्हटलं. तो जरा चिडला, मग म्हणाला, "अहो, पण आज रात्री खाज आली तर?" हा प्रश्न रास्त आहे, खाज ज्याला त्यालाच ठाऊक. घरी गेल्यावर जीन्स काढून गार पाण्याने अंघोळ, जांघ नीट कोरडी, सैल सुती चड्डी, कपडा रोज धुतलेला. एवढं आज. आणि उद्या सकाळी लवकर स्किनची ओपीडी. केईएमला, सायनला, नायरला, जेजेला, सगळीकडे आहे. रांग असते, अर्धा दिवस जातो, तो धरून चाला. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, संपलेल्याही. डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा त्या पिशवीतून जास्त कळतं. आणि आधी लावलेलं लपवू नका, ओरडले तरी.

त्याने चपटी ट्यूब उचलली, फेकायला म्हणून डबा शोधला. मी म्हटलं, फेकू नका, तीच तर न्यायची आहे. मग त्याने ती पुन्हा शेपटीकडून नीट गुंडाळली, पासच्या पाकिटात सरकवली आणि विचारलं, "सायनला केसपेपर किती वाजल्यापासून?"